पाच दिवसांसाठी दिलेली गोळी चार महिने

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. जिना चढता येऊ लागला म्हणून मी ती पुढे चालूच ठेवली. पोटाला त्रास नको म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल घेते. मला बीपी आहे. त्याच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र आहे. हल्ली संध्याकाळी पाय सुजतात, बीपीही थोडं वरच असतं. ह्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, ॲस्पिरिन चालू आहे. त्यांची पाठ धरली की माझ्यातलीच एक गोळी देते. सून सहा महिन्यांची गरोदर आहे. तिची कंबर दुखत होती म्हणून तिलाही दिली, तर घेतली नाहीच, उलट "आई, यानं किडनी जाते" असं मलाच ऐकवलं. माझी मैत्रीण म्हणते, तिची ९० ची नवी गोळी पोटाला अजिबात लागत नाही. तीच सुरू करू का? की सुनेचं खरं आहे?

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंय स्वतःसाठी, पण पत्रात माणसं तीन आहेत. म्हणून ज्याची घाई जास्त त्याचं आधी सांगते. पहिले तुमचे यजमान, मग सूनबाई, मग तुम्ही.

यजमानांना ती गोळी आजपासून देऊ नका. एसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं औषध. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने डायक्लोफेनॅकचा फेरआढावा घेतला आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना ते देऊ नये, असं ठरवलं. पुढे एसिक्लोफेनॅकलाही तोच नियम लागला. स्टेंट बसलेला माणूस सरळसरळ या यादीत येतो. तुम्ही म्हणाल, कधीतरी एखाददुसरी गोळी, त्यानं असं काय होणार? बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरं आहे. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या गटातल्या, म्हणजे एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या औषधांवरचा (पॅरासिटामॉल त्यात येत नाही) इशारा कडक केला, तेव्हा त्यात स्पष्ट म्हटलं की हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका औषध सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच वाढू शकतो, आणि ज्यांचं हृदय आधीच आजारी आहे त्यांना तो अधिक. पाठदुखीसाठी तो पत्करण्याचं काही कारण नाही.

शिवाय त्यांची ॲस्पिरिन. ती प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून स्टेंट मोकळा राहतो. तिच्या जोडीला या गटातली दुसरी गोळी दिली की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता एकट्या ॲस्पिरिनपेक्षा बरीच वाढते. आयब्युप्रोफेनचा आणखी एक घोळ आहे. प्लेटलेटमध्ये ॲस्पिरिन ज्या जागी जाऊन बसते, तीच जागा आयब्युप्रोफेन आधी अडवून ठेवतं आणि ॲस्पिरिन आली तशी निघून जाते. माणूस हृदयाची गोळी रोज नेमाने घेतो आणि तिचा उपयोग मात्र होत नाही. साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्धा तास थांबून किंवा तिच्या आठ तास आधी आयब्युप्रोफेन घ्यावं, असा एक हिशेब औषधतज्ज्ञ सांगतात. आवरण असलेल्या, आतड्यात विरघळणाऱ्या ॲस्पिरिनला तो धरता येत नाही, आणि हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या पुष्कळदा तशाच असतात. त्यामुळे वेळा जुळवत बसू नका. त्यांच्या पाठीसाठी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची साधी पॅरासिटामॉल, शेक आणि झोपून न राहता थोडं हिंडणं-फिरणं, एवढ्यावर आधी पाहा. हे वाचून ॲस्पिरिन मात्र मुळीच बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि पाठ धरण्याबरोबर घाम फुटला, दम लागला, छातीत, जबड्यात किंवा हातात जडपणा आला, तर ती पाठदुखी समजून घरी थांबू नका.

आता सूनबाई. तिने गोळी घेतली नाही ते अगदी योग्य केलं. गरोदरपणाचे २० आठवडे उलटले की या गटातली औषधं टाळावीत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सांगितलं. कारण असं की त्या सुमारापासून गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं. आईच्या गोळीचा परिणाम बाळाच्या मूत्रपिंडांवर झाला की गर्भजल कमी होऊ लागतं. ३० आठवड्यांच्या पुढे त्यात भर पडते ती बाळाच्या हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीची. ती जन्मानंतर बंद व्हायची असते, ती पोटात असतानाच आवळली जाऊ शकते. प्रसूतितज्ज्ञांनीच कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती चालू ठेवायची. कंबरदुखीसाठी तिच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. तिचं बोलणं तुम्हाला लागलंय, हे पत्रातून कळतं. पण माहिती तिची बरोबर होती, आणि स्वतःच्या बाबतीत तर ती सोळा आणे बरोबर होती.

तुमच्या बाबतीत ती किती बरोबर आहे, याचं उत्तर जरा लांबेल.

या गोळ्या काम कशा करतात ते १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं. त्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल इतर दोघांबरोबर मिळालं. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीर बनवतं, आणि गोळी ते बनवणं थांबवते. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं अस्तर राखतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात, मीठ-पाण्याचा तोल ठेवतात. गुडघ्यात थांबवा आणि बाकी ठिकाणी चालू राहू द्या, असं तोंडाने घेतलेल्या गोळीला सांगता येत नाही.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म गुंते असतात. प्रत्येकात रक्त आणणारी एक बारीक वाहिनी शिरते आणि रक्त नेणारी दुसरी बाहेर पडते. शरीरातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन आणणाऱ्या वाहिनीला उघडी धरतात. तुमची दुखण्याची गोळी नेमकी ती सोय काढून घेते. टेल्मिसार्टन नेणाऱ्या वाहिनीला सैल करतं. एरवी ते मूत्रपिंडाच्या भल्याचंच असतं, पण येणारं रक्त आधीच कमी असेल तर गाळायला लागणारा दाबच उरत नाही. आणि लघवी वाढवणारं औषध पाणी-मीठ बाहेर काढून मुळातला साठाच घटवतं. तिन्ही औषधं आपापल्या जागी चांगली आहेत. तुमच्या डब्यात ती एकत्र आली आहेत, माझी काळजी तिथे आहे.

२०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बीपीच्या जवळपास पाच लाख रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण फक्त बीपीची दोन घेणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी. टक्के ऐकायला भयंकर वाटतात. मुळात अशी इजा होणारी माणसं थोडी, त्यामुळे वाढही थोड्याच माणसांत दिसते. तरी पहिला महिना पार पडला म्हणजे आपण सुटलो, असंही धरू नका. जुलाब-उलट्या लागल्या, ताप भरला, पाणी पोटात राहिना, की तीच तीन औषधं दोन दिवसांत मूत्रपिंड अडचणीत आणू शकतात. अशा दिवसांत दुखण्याची गोळी पूर्ण बंद, आणि बीपीच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

पाय सुजणं आणि बीपी वर राहणं हे मला या गोळीचंच काम वाटतं. ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करते. होतं काय, की बीपी वाढलं म्हणून बीपीची दुसरी गोळी वाढवली जाते आणि मूळ कारण डब्यात तसंच राहतं. पण पाय सुजायची दुसरीही कारणं असतात, हृदयाची, मूत्रपिंडाची, शिरांची. म्हणून नुसतं 'गोळीमुळेच' असं घरी ठरवून मोकळं होऊ नका.

तेव्हा ही गोळी थांबवा. ती एकदम थांबवली तरी चालते, हळूहळू कमी करावी लागत नाही. बीपीची गोळी चालूच ठेवायची. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि चार महिने घेतली हे स्पष्ट सांगा. बरेच जण हे लपवतात, आणि मग डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा अंदाज), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं प्रथिन एवढ्या तपासण्या ते बहुधा सांगतील. हिमोग्लोबिन कशाला? जठरातून थेंब थेंब रक्त जात असेल तर पोट दुखायच्या आधी ते तिथे दिसतं. आणि हेही ऐका : मूत्रपिंडावर परिणाम झालेला असला तरी वेळेत गोळी थांबवल्यावर तो बहुतेकांच्या बाबतीत भरून निघतो. सूनबाईच्या वाक्याने रात्रभर जागू नका.

पॅन्टोप्राझोलबद्दल. ते तुम्ही घेत होतात हे चांगलंच झालं. जठर आणि त्यापुढचा आतड्याचा पहिला भाग यांचं रक्षण ते खरंच करतं. पण पुढच्या लहान आतड्याला त्याचं कवच नाही, मूत्रपिंड आणि हृदयाशी तर त्याचा संबंधच नाही. 'पित्ताची गोळी सोबत आहे ना, मग चालतंय' हा समज मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक वाटतो, कारण माणूस त्या भरवशावर दिवस मोजायचं सोडून देतो. 'भरल्या पोटी घ्या' याचंही तसंच. खाऊन घेतल्याने मळमळ, जळजळ कमी होते. अल्सर टळतो असं नाही. गोळी रक्तात गेल्यावर तिथूनही जठराच्या अस्तरावर परिणाम करते. म्हणून तर हीच औषधं इंजेक्शनने घेतली तरी अल्सर होऊ शकतो. आणि पोट दुखलं तर कळेलच, यावरही विसंबू नका; पुष्कळ अल्सर रक्त येईपर्यंत गप्प असतात. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर तडक हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, तेव्हा त्या चालू असतील तर तसं सांगा.

मैत्रिणीची '९० ची' गोळी म्हणजे बहुधा एटोरिकॉक्सिब. हिचं कुळ मुद्दाम जठराला त्रास कमी व्हावा म्हणूनच शोधलं गेलं, आणि तो खरोखर कमी होतोही. पण याच कुळातलं रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलं आणि ३० सप्टेंबर २००४ ला हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. एटोरिकॉक्सिब ते नव्हे. पण ते बीपी वाढवतं, आणि बीपी १४०/९० च्या वर राहत असलेल्यांना देऊ नये, असं त्याच्या युरोपातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत ते तुमच्या गोळीइतकंच बेभरवशाचं. शिवाय गुडघ्याच्या झिजेसाठी त्याची मात्रा ३० ते ६० मिलिग्रॅम. ९० ची संधिवातासारख्या दाहाच्या आजारांना वापरतात. मैत्रिणीला तो आजार असेलही. तुम्हाला तिची गोळी नको.

घरातल्या गोळ्यांबद्दल एक सवय मला बदलावीशी वाटते. पट्टी कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे डब्यात टाकलेले असतात. कापताना नाव एका तुकड्यावर जातं, घटक दुसऱ्यावर, तारीख तिसऱ्यावर. मग 'ती गुलाबी', 'ती लांबट' अशी ओळख उरते. पट्टी अखंड ठेवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा : एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, असं काहीसं दिसेल. नावामागे 'पी', 'एसपी', 'प्लस' अशी शेपटी असली की आत एकाहून जास्त औषधं आहेत असं समजा. हे का महत्त्वाचं, तर तुम्ही दिवसाला दोन गोळ्यांतून ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच घेत होतात. त्यात ताप आला म्हणून ६५० ची पॅरासिटामॉल चार वेळा घेतली असती, तर बेरीज झाली असती ३,२५० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मानतात. वय जास्त किंवा वजन कमी असलं तर डॉक्टर ती ३,००० च्या आसपासच ठेवतात. तिच्यापुढे प्रश्न यकृताचा येतो. तसंच, एसिक्लोफेनॅक चालू असताना दात दुखला म्हणून वर आयब्युप्रोफेन घेऊ नका. एकाच गटातली दोन औषधं एकत्र घेतल्याने दुखणं दुपटीने थांबत नाही, धोका मात्र वाढतो.

पत्र तुमचं असलं तरी वाचणारे इतरही आहेत, म्हणून थोडक्यात : दम्याच्या काही रुग्णांना या गोळ्यांनी तासा-दोन तासांत जोराची धाप लागते. रक्त पातळ करणारं औषध, स्टेरॉइड, लिथियम किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता यातलं काहीही घेऊ नये. आणि अंगदुखीसह ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका आधीच असतो.

मग गुडघ्यांचं काय? मी गोळी काढून घेतली आणि दुखणं तुमच्याकडेच ठेवलं, असं व्हायला नको. पहिला पर्याय डायक्लोफेनॅकचं जेल. त्वचेवाटे रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि गुडघ्याचं हाड त्वचेपासून फार खोल नसल्याने ते तिथे पोचतं. बोटभर लावून पुसून टाकलं तर उपयोग नाही. १ टक्का जेलची एका गुडघ्याची मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. एकदा वजनकाट्यावर किंवा नळीसोबतच्या मापपट्टीवर बघून घ्या, म्हणजे ४ ग्रॅम किती भरतं ते लक्षात येईल. चोळून घ्या, हात धुवा, जखमेवर लावू नका आणि वरून शेकाची पिशवी किंवा घट्ट पट्टा नको. उष्णतेने ते जास्त शोषलं जातं. आठवडाभर तरी धीर धरा. आणि तुमच्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, कारण ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

औषधाइतकंच काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. खुर्चीत टेकून बसा, एक पाय सरळ समोर उचला, पंजा आपल्याकडे ओढा, पाच-सहा सेकंद धरा, सावकाश खाली. एका पायाने दहा वेळा, मग दुसऱ्या. पहिले काही दिवस मांडी थरथरेल. त्याने बिघडत नाही. सांधा सुजून गरम झाला तर मात्र थांबा. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, कारण बरेच जण पाठ वाकवून हा व्यायाम चुकीचा करतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्याने प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. काठी वापरत असाल तर ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरा. जवळजवळ सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात.

रिपोर्ट चांगले आले तर एखाद्या वाईट आठवड्यात डॉक्टर पुन्हा दोन-चार दिवसांची गोळी देतीलही, कदाचित कमी मात्रेत. त्यात गैर काही नाही. तेव्हा शेवटच्या दिवसाची तारीख पट्टीच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा. आणि दीड-दोन महिने जेल आणि व्यायाम नेटाने करूनही जिना जड जात असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सांध्यात देण्याच्या इंजेक्शनपासून शस्त्रक्रियेपर्यंतचे पर्याय एक्स-रे समोर ठेवूनच ठरतात, पत्रावरून मला ते ठरवता येणार नाहीत.